पाणबुड्यांची जुनी स्विस घड्याळे : मोल चकाकीचे नव्हे, अस्सलपणाचे

भारत आणि स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिख्टेनश्टाइन या चार देशांचा 'एफ्टा' गट यांच्यातील व्यापार व आर्थिक भागीदारी करारावर १० मार्च २०२४ रोजी नवी दिल्लीत स्वाक्षऱ्या झाल्या. १ ऑक्टोबर २०२५ पासून हा करार अमलात आला असून, स्विस घड्याळांवरील आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची तरतूद त्यात आहे. या सवलतीचा लाभ प्रामुख्याने नव्या घड्याळांना होईल. परंतु दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडा या राजधानी परिसरात स्विस घड्याळांचा आणखी एक बाजार आहे. तो आहे चाळीस ते सत्तर वर्षांपूर्वी पाणबुड्यांसाठी, म्हणजे पाण्याखाली उतरून काम करणाऱ्यांसाठी, बनविलेल्या घड्याळांचा. चांदणी चौक वा करोलबागेतील जुने घडीसाज, वापरलेली घड्याळे तपासून प्रमाणपत्रासह विकणारी आधुनिक दालने आणि इंटरनेटवरील विक्रेते अशा तीन वाटांनी हा व्यवहार चालतो.

या बाजारात एकाच नावाच्या आणि एकाच वर्षी बनलेल्या दोन घड्याळांच्या किमतींत कित्येक पटींचे अंतर असू शकते. नवख्या खरेदीदाराला जे घड्याळ अधिक देखणे वाटते, तेच बहुधा कमी मोलाचे असते. या विसंगतीचे कारण न समजल्याने खरेदीदाराचे पैसे बुडतात. आणि ज्यांच्या घरी वडिलांचे वा आजोबांचे असे घड्याळ कपाटात पडून आहे, ते हौसेने त्यास 'नवे' करून घेतात आणि नकळत त्याचे मोल घालवून बसतात.

पाण्याखालच्या गरजेतून जन्म

दुसऱ्या महायुद्धानंतर पाठीवर हवेचे नळकांडे बांधून खोल पाण्यात उतरण्याचे तंत्र प्रचारात आले. नळकांड्यातील हवा किती काळ पुरेल याचा हिशेब पाणबुड्याला घड्याळावरच ठेवावा लागे. वेळ चुकली तर गाठ प्राणाशी होती. ब्लाँपाँ या स्विस कंपनीचे तत्कालीन प्रमुख जाँ-जाक फिश्तेर हे स्वतः हौशी पाणबुडे होते. एकदा पाण्याखाली असताना त्यांच्या नळकांड्यातील हवा संपली आणि त्या अनुभवातून खास पाणबुड्यांसाठी घड्याळ बनविण्याचा विचार पुढे आला. त्याच सुमारास फ्रान्सच्या नौदलातील युद्धपाणबुड्यांचे अधिकारी रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हेही आपल्या पथकासाठी विश्वासार्ह घड्याळाच्या शोधात होते. १९५३ मध्ये तयार झालेल्या या घड्याळाचे नाव 'फिफ्टी फॅदम्स', म्हणजे पन्नास फॅदम. कोकणातील खलाशी पाण्याची खोली ज्या 'वाव' या मापाने मोजत आले, त्याच्याच तोडीचे हे सहा फुटी माप असून पन्नास फॅदम म्हणजे सुमारे ९१ मीटर होतात.

त्याच वर्षी रोलेक्सने 'सबमरिनर' तयार केले आणि १९५४ मध्ये ते बासेलच्या प्रदर्शनात मांडले. झोडियाकचे 'सी वुल्फ' त्याच काळातील आहे. १९५७ मध्ये ओमेगाचे 'सीमास्टर ३००' आणि ब्राइटलिंगचे 'सुपरओशन' ही घड्याळे आली. नारिंगी तबकडीचे डॉक्साचे 'सब ३००' १९६७ मधील आहे.

या सर्व घड्याळांची मूळ रचना सारखीच होती. मागचे झाकण आट्यांनी घट्ट बसविलेले, रबरी वलयांनी सांधे बंद केलेले, काळी तबकडी, अंधारात उजळणारे ठळक काटे आणि तबकडीभोवती मिनिटांच्या खुणा असलेले फिरते कडे. घड्याळजी या कड्यास बेझेल म्हणतात. पाण्यात उतरताना कड्यावरील शून्याची खूण मिनिटकाट्यासमोर आणली की पाण्याखाली किती मिनिटे झाली, हे एका दृष्टिक्षेपात कळते. कडे धक्क्याने चुकून फिरलेच, तर उरलेला वेळ कमी दिसावा, अधिक दिसू नये, या हेतूने पुढे ते एकाच दिशेने फिरेल असे करण्यात आले. पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीचे आयएसओ ६४२५ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८२ मध्ये ठरले.

मात्र तोपर्यंत काळ पालटू लागला होता. १९६९ च्या डिसेंबरमध्ये जपानच्या सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले आणि पुढील दशकात स्वित्झर्लंडमधील अनेक कारखाने बंद पडले. १९८० च्या दशकात खोली व वेळ या दोहोंचा हिशेब ठेवणारे इलेक्ट्रॉनिक संगणक पाणबुड्यांच्या मनगटावर आले. यांत्रिक घड्याळाची पाण्याखालची निकड त्यामुळे ओसरली. जी घड्याळे शिल्लक आहेत, त्यांतही मूळ स्थितीत राहिलेली थोडीच. खाऱ्या पाण्यात आणि कामाच्या धबडग्यात वापरण्यासाठीच ती बनविली होती.

भारताशी जुने नाते

स्विस घड्याळांचे भारताशी नाते मुंबईमार्गे जडले. फेवर-ल्यूबा ही कंपनी १८६५ मध्ये भारतात आली आणि मुंबई हे तिचे येथील केंद्र बनले. वेस्ट एंड वॉच कंपनी तर १८८६ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. 'सी चीफ' आणि 'सी किंग' या फेवर-ल्यूबाच्या घड्याळांची नावे आजही जुन्या पिढीच्या तोंडी आहेत. याच कंपनीने १९६० च्या दशकात 'डीप ब्लू' हे पाणबुड्यांचे घड्याळ काढले, आणि त्याच दशकात 'बॅथी' हे खोली मोजणारे घड्याळही. बॅथीच्या पाठीमागील भागात पाणी शिरू दिले जाई. त्याच्या दाबाने एक पातळ पडदा आत ढकलला जाई आणि तबकडीवरील काटा खोली दाखवी. मीटरमध्ये मोजणाऱ्या घड्याळास 'बॅथी ५०' तर फुटांत मोजणाऱ्यास 'बॅथी १६०' असे नाव होते. ही कंपनी २०११ मध्ये टाटा समूहातील टायटनने विकत घेतली. २०२३ मध्ये ती घड्याळविक्री क्षेत्रातील इथॉस या भारतीय कंपनीच्या समूहाकडे गेली आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे तिचे पुनरागमन झाले. तेव्हा मांडलेल्या घड्याळांत 'डीप ब्लू' हे नावही होते.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे घड्याळांच्या आयातीवर कडक बंधने आली. सरकारने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूर येथे एचएमटीचा घड्याळ कारखाना उभारला. परदेशी घड्याळ मिळणे अवघड झाले, तसेच त्याचे सुटे भागही मिळेनासे झाले. दमट हवेने डागाळलेली तबकडी बदलून मिळत नसे. मग घड्याळजी ती खरवडून नव्याने रंगवून घेत आणि तिच्यावर नाव व आकडे पुन्हा छापवून घेत. घड्याळ वर्षानुवर्षे चालले पाहिजे, ही त्या काळाची गरज होती आणि त्या दृष्टीने ही दुरुस्ती प्रामाणिक होती.

पुढे संग्राहकांचा बाजार वाढला, तशी हीच कला दुसऱ्या कामासाठी वापरली जाऊ लागली. मोडक्या घड्याळांचे भाग जुळवायचे, तबकडीवर चमकदार रंग द्यायचा आणि इंटरनेटवरून ती 'जुनी स्विस घड्याळे' म्हणून विकायची. परदेशी संग्राहकांनी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' हे नाव दिले आहे आणि ते गौरवाचे नाही. तबकडी रंगविणे हा अपराध नाही. परंतु रंगविलेली तबकडी मूळ म्हणून विकणे ही फसवणूक आहे.

तबकडी कशी वाचावी?

जुन्या घड्याळाच्या मूल्याचा मोठा भाग तबकडीत असतो. त्यामुळे परीक्षणाची सुरुवात तेथूनच होते. त्यासाठी दहा पट मोठे दाखविणारे भिंग पुरते. कारखान्यातील छपाईची अक्षरे बारीक, सारख्या जाडीची आणि स्वच्छ कडांची असतात. पुन्हा छापलेल्या तबकडीवर अक्षरे जाड होतात, त्यांच्या कडा तुटक दिसतात, मिनिटांच्या रेषा तासांच्या खुणांशी नीट जुळत नाहीत. सहाच्या आकड्याखाली, अगदी काठाशी असलेली 'स्विस' वा 'स्विस मेड' ही अक्षरे अर्धवट कापलेली वा तिरपी असतील, तर संशयास जागा आहे. त्या कंपनीच्या जुन्या छापील सूचीत नसलेला भडक रंग हीदेखील धोक्याची खूण होय.

याशिवाय प्रत्येक प्रकाराचा स्वतःचा इतिहास असतो. उदाहरणार्थ, सबमरिनरच्या तबकडीवर १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत खोलीचा आकडा आधी मीटरमध्ये आणि मग फुटांत छापला जाई. त्यानंतर हा क्रम उलटा झाला. १९६४ सालचे म्हणून दाखविलेल्या घड्याळावर फूट आधी आले असतील, तर तबकडी मागाहून बदललेली असण्याची शक्यता अधिक. असे तपशील पाठ असणे, हेच संग्राहकाचे खरे भांडवल होय.

उलटपक्षी, नैसर्गिकरीत्या आलेला जुनेपणा दोष मानला जात नाही. उन्हाने काळ्याची तपकिरी झालेली तबकडी 'ट्रॉपिकल' म्हणून अधिक मोलाने घेतली जाते. ॲल्युमिनियमच्या कड्यावरील काळा रंग फिका होऊन राखाडी झाला असेल, तर तोही अनेकांना हवासा वाटतो. बुरशीचे ठिपके, पाण्याने उठलेला रंग आणि गंजलेले काटे मात्र खरे नुकसान दाखवितात. काळाने आलेला बदल आणि पाण्याने केलेली हानी यांत फरक करता आला पाहिजे.

प्रकाशद्रव्याची साक्ष

काटे आणि तासांच्या खुणा अंधारात दिसाव्यात म्हणून लावलेले द्रव्य घड्याळाचे वय सांगणारा महत्त्वाचा साक्षीदार आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत त्यासाठी रेडियम वापरले जाई. त्यानंतर ट्रिटियम आले आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकले. पुढे किरणोत्सर्ग नसलेली द्रव्ये वापरात आली. ट्रिटियम असलेल्या तबकडीवर 'स्विस' या शब्दाच्या आजूबाजूला इंग्रजी 'टी' हे अक्षर आढळते.

ट्रिटियमचा अर्धायुष्यकाळ सुमारे १२.३ वर्षे आहे. म्हणजे १९६५ मध्ये लावलेल्या ट्रिटियमपैकी साठ वर्षांनंतर जेमतेम साडेतीन टक्के उरते. म्हणून त्या काळातील घड्याळ आज रात्रभर तेजाने उजळत असेल, तर आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे. त्यावरचे द्रव्य नंतर लावलेले आहे, हाच त्याचा अर्थ. काट्यांवरील आणि तबकडीवरील द्रव्याचा पिवळेपणा एकमेकांशी मिळताजुळता आहे काय, हेही पाहावे. एक पांढरे आणि दुसरे मधाच्या रंगाचे असेल, तर त्यांतील एक भाग बदललेला असू शकतो.

रेडियमच्या बाबतीत प्रश्न आरोग्याचाही आहे. त्याचा अर्धायुष्यकाळ सुमारे १६०० वर्षे आहे. त्याच्यासोबत मिसळलेले उजळणारे रसायन काही दशकांत निकामी होते, त्यामुळे तबकडी अंधारात दिसत नाही. परंतु किरणोत्सर्ग चालूच राहतो. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियम रंगविणाऱ्या तरुण स्त्री-कामगारांना १९२० च्या दशकात जीवघेणे आजार जडले होते. बंद घड्याळ मनगटावर बांधणे आणि ते उघडून त्याची धूळ श्वासात घेणे यांत मोठे अंतर आहे. म्हणून १९५० च्या दशकातील घड्याळ घरी उघडू नये, तबकडी खरवडू नये, आणि अशी अनेक घड्याळे निजण्याच्या खोलीत एकत्र साठवू नयेत.

घड्याळाची चौकट, कडे आणि यंत्र

तबकडीनंतर पाहायची ती धातूची चौकट, म्हणजे केस. पट्टा अडकविण्याच्या चार टोकांना कारखान्यात तिरकस कापलेल्या धारदार कडा असतात. वारंवार पॉलिश केल्याने या कडा गोलसर होतात, टोके बारीक होतात आणि पट्ट्याच्या खिळीची भोके काठाशी येतात. घासून गेलेले पोलाद परत आणता येत नाही. त्यामुळे ओरखडे असलेली पण जाडजूड केस ही गुळगुळीत व झिजलेल्या केसपेक्षा संग्राहकास अधिक प्रिय असते.

रोलेक्सच्या त्या काळातील घड्याळांत पट्ट्याच्या आड, सहाच्या बाजूस अनुक्रमांक आणि बाराच्या बाजूस प्रकार क्रमांक कोरलेला असतो. पट्टा काढून तो पाहू देण्यास विक्रेता नकार देत असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. काही कंपन्यांची घड्याळे पिकरेझ या स्विस कारखान्याच्या 'सुपर कम्प्रेसर' केसमध्ये येत. पाण्याचा दाब वाढेल तसे झाकण अधिक घट्ट बसावे, अशी तिची रचना होती. या केसच्या झाकणाच्या आतील बाजूस पाणबुड्याच्या शिरस्त्राणाचे चिन्ह असते. कपाटात असे एखादे कमी परिचित नावाचे घड्याळ निघाले, तर झाकणाखालील हे चिन्ह त्याची ओळख पटविण्यास उपयोगी पडते.

यंत्राचा क्रमांक केसच्या प्रकाराशी जुळला पाहिजे. सबमरिनर ५५१३ या प्रकारात १५३० वा १५२० क्रमांकाचे यंत्र असते. ओमेगाच्या सीमास्टर ३०० च्या १६५.०२४ या प्रकारात ५५२ क्रमांकाचे. यंत्र अस्सल असले तरी ते दुसऱ्याच घड्याळातून आणलेले असू शकते. झाकणाच्या आतील बाजूस पूर्वीच्या घड्याळजींनी दुरुस्तीच्या वेळी कोरलेल्या बारीक खुणा व तारखा आढळतात. त्या पुसून टाकू नयेत. घड्याळाच्या आयुष्याची ती नोंदवही होय.

कंपनीचीही फसगत

हे परीक्षण किती कठीण आहे, याचे उदाहरण जिनिव्हातील लिलावात घडले. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये फिलिप्स या लिलावसंस्थेने ओमेगाचे 'स्पीडमास्टर' हे १९५७ मधील म्हणून मांडलेले घड्याळ ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीस विकले. हे पाणबुड्यांचे घड्याळ नव्हे, परंतु त्याचा धडा सर्वांना लागू आहे. विकत घेणारी संस्था खुद्द ओमेगा कंपनी होती आणि ते तिच्या संग्रहालयासाठी होते. २०२३ च्या जूनमध्ये कंपनीने जाहीर केले की, हे घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेले असून या प्रकारात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता. ज्यांच्याकडे मूळ नोंदवह्या आहेत त्यांची अशी गत झाली, तर सामान्य खरेदीदाराने एकट्याच्या नजरेवर किती विसंबावे, याचा विचार करावा.

याच्या दुसऱ्या टोकाला २०१८ च्या जूनमध्ये न्यूयॉर्क येथे ख्रिस्तीजच्या लिलावात विकले गेलेले सबमरिनर ६५३८ आहे. १९६२ च्या 'डॉ. नो' या चित्रपटात शॉन कॉनरी यांच्या मनगटावर याच प्रकारचे घड्याळ होते. लिलावातील घड्याळाच्या तबकडीवर तीन, सहा आणि नऊ हे आकडे असल्याने ते दुर्मीळ ठरले आणि त्यास दहा लाख डॉलरहून अधिक किंमत आली. त्याच प्रकारच्या इतर घड्याळांना अशी किंमत येत नाही. एवढा फरक पडला तो केवळ एका अस्सल तबकडीमुळे.

कागदपत्रे आणि कायदा

भारतात जुन्या घड्याळाच्या कागदपत्रांना संग्राहकाच्या हौसेपलीकडे कायद्याचे महत्त्व आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ मधील कलम १२३ हे सोन्याबरोबरच घड्याळांनाही लागू आहे. चोरट्या आयातीचा वाजवी संशय येऊन अधिकाऱ्यांनी घड्याळ जप्त केले, तर ते तस्करीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ज्याच्याकडे ते सापडले त्याच्यावर, आणि अन्य कोणी मालकी सांगत असेल तर त्याच्यावरही येते. म्हणून जुनी पावती, हमीपत्र, दुरुस्तीची बिले, घड्याळ मनगटावर असलेले कुटुंबातील जुने छायाचित्र यांपैकी जे असेल ते जपून ठेवावे.

परदेशातून घड्याळ आणताना विशेष दक्षता हवी. परकीय व्यापार धोरणानुसार भांडवली यंत्रसामग्री वगळता इतर वापरलेल्या वस्तूंची आयात 'निर्बंधित' गटात मोडते आणि तिला परवानगी लागते. परदेशी संकेतस्थळावर स्वस्त दिसलेले जुने घड्याळ मागविण्यापूर्वी ही बाब ध्यानात घ्यावी. विमानतळावर मौल्यवान घड्याळ जाहीर न करता आणणे महागात पडते. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावर दुबईहून आलेल्या एका प्रवाशाकडून सात घड्याळे जप्त करण्यात आली. त्यांतील एकट्या हिरेजडित घड्याळाची किंमत २७ कोटी रुपयांहून अधिक होती.

देशांतर्गत व्यवहारातही नोंदी आवश्यक आहेत. १० लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मनगटी घड्याळाच्या विक्रीवेळी विक्रेत्याने खरेदीदाराकडून एक टक्का कर गोळा करावा, अशी तरतूद २२ एप्रिल २०२५ च्या अधिसूचनेने लागू करण्यात आली. बनावट बोधचिन्ह लावलेल्या मालाची विक्री हा व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि दंडास पात्र असा गुन्हा आहे.

पावतीवर केवळ 'जुने घड्याळ' एवढेच लिहून घेऊ नये. कंपनी, प्रकार क्रमांक, अनुक्रमांक, यंत्राचा क्रमांक, आणि तबकडी, काटे व कडे मूळ आहेत की बदललेले, हे सारे स्पष्ट लिहून घ्यावे. फसवणूक झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दाद मागता येते. ५० लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. व्यापारी नसलेल्या खासगी व्यक्तीकडून केलेल्या खरेदीस मात्र हे संरक्षण सहजासहजी मिळत नाही. लाँजिनसारखी कंपनी आपल्या दप्तरातील नोंदींच्या आधारे जुन्या घड्याळाची माहिती देते. रोलेक्स असे उतारे देत नाही, त्यामुळे तेथे कुटुंबाकडील कागदांचे महत्त्व अधिक वाढते.

जपणूक : काय करावे, काय टाळावे

पहिला नियम म्हणजे जुन्या घड्याळासह पाण्यात उतरू नये. दर दहा मीटर खोलीस सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. २०० मीटरचा आकडा तबकडीवर असला, तरी तो नव्या घड्याळासाठी होता. रबरी वलये कडक होतात, चावीच्या नळीची झीज होते, आणि मग हात धुतानाचे पाणीही आत शिरू शकते. दिल्लीतील धूळ आणि कोकण-मुंबईकडील पावसाळी दमटपणा हे दोन्ही घड्याळाचे शत्रू आहेत. पावसाळ्यात घड्याळ ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावे. यंत्रातील तेल काही वर्षांत सुकते आणि कोरडे यंत्र चालविल्यास त्याची चाके झिजतात. त्यामुळे दीर्घकाळ पडून असलेले घड्याळ लगेच चावी देऊन चालवू नये; आधी जाणत्या घड्याळजीकडून त्याची सफाई करून घ्यावी.

दुरुस्तीस देताना लेखी सूचना द्यावी : पॉलिश करू नये, तबकडी व काटे बदलू नयेत, द्रव्य नव्याने लावू नये, आणि जो भाग बदलणे अपरिहार्य असेल तो जुना भाग परत द्यावा. हीच सूचना कंपनीच्या अधिकृत केंद्रासही द्यावी लागते, कारण घड्याळ नव्यासारखे चालते व दिसते करणे हे त्या केंद्राचे उद्दिष्ट असते, तर संग्राहकाचे उद्दिष्ट ते होते तसे ठेवणे हे असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असले, तरी एकदा टाकून दिलेली तबकडी परत मिळत नाही.

केवळ गुंतवणूक म्हणून या क्षेत्रात उतरणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, किमती सदैव चढत नाहीत. वापरलेल्या आलिशान घड्याळांचे दर २०२२ च्या पूर्वार्धात शिखरावर पोहोचून नंतर घसरले होते. मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा आरंभी फेवर-ल्यूबा, रोमर वा एनिकार यांसारख्या भारतात परिचित असलेल्या नावांपासून सुरुवात केल्यास कमी खर्चात डोळा तयार होतो. मुंबईतील सॅफ्रनआर्ट आणि अस्तगुरु या लिलावसंस्थांच्या सूचीतील घड्याळांची वर्णने वाचणे, हीदेखील चांगली शाळा आहे.

यांतील प्रत्येक घड्याळ लिलावात जाईल असे नाही, आणि जाण्याची गरजही नाही. एखाद्या घरी निवृत्त नौसैनिकाचे वा व्यापारी जहाजावर नोकरी केलेल्या वडिलांचे घड्याळ असेल, तर त्याचा फिका पडलेला काळा रंग, काचेवरील ओरखडे आणि झाकणातील घड्याळजीच्या खुणा त्या माणसाच्या कामाची साक्ष देतात. ते विकायचे असो वा पुढील पिढीला द्यायचे असो, पहिली पायरी एकच : ते उजळवून घेण्यापूर्वी त्याची छायाचित्रे काढावीत, क्रमांक लिहून ठेवावेत आणि जाणकाराचे मत घ्यावे. चकाकी केव्हाही आणता येते. गेलेला जुनेपणा मात्र कोणताही घड्याळजी परत देऊ शकत नाही.